मान्य फरक

माझा दादा वजनकाटे तपासतो. भाजीवाल्याचा असो, सोनाराचा असो की इस्पितळातला, त्याला सगळे सारखे. तो येताना दिसला की दुकानदार उगाचच काटा पुसायला घेतात. त्याच्याकडे आतून मखमल लावलेली एक लाकडी पेटी आहे. तिच्यात पितळी वजनं मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं बसवलेली. त्यांना तो बोट लावत नाही. लहान वजन चिमट्यानं उचलतो, मोठं हातमोजे घालून, कारण बोटाचं तेल लागलं तरी वजन बदलतं. वजन काट्याच्या मधोमध ठेवायचं, आकडा बघायचा, उचलायचं. पुन्हा ठेवायचं. असं तीनदा, आणि तिन्ही वेळा आकडा सारखा आला पाहिजे. मग तेच वजन चारही कोपऱ्यांवर ठेवून बघायचं. मग कागदावर दोन सह्या, एक तपासणाऱ्याची, एक साक्षीदाराची. साक्षीदार कुणीही चालतो, फक्त तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथे उभा असला पाहिजे. सगळ्यात शेवटी एक छापील तक्ता बघायचा. कुठल्या काट्याला किती चूक चालते ते त्यात दिलेलं असतं. तान्ह्या बाळांच्या काट्याला पाच किलोपर्यंत पाच ग्रॅम. चूक त्याच्या आत असली की कागदावर लिहायचं ‘फरक मान्य’, आणि शिक्का मारायचा.

हे मी इतकं लांबण लावून सांगतेय, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच झाला.

मी त्याची धाकटी बहीण. दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. डॉक्टर दात कोरतात तेव्हा शेजारी उभं राहून थुंकी ओढणारी नळी धरायची, हे माझं काम. दिवसभर लोक माझ्यासमोर तोंड उघडून पडलेले असतात आणि एक शब्द बोलू शकत नाहीत. त्यामुळे मला मधे कुणी बोललेलं सोसत नाही, असं घरचे म्हणतात. खरं असेल. दादा दुसऱ्या मजल्यावर राहतो, मी तिसऱ्या. वहिनी बेकरीत कामाला आहे, पहाटे पाचलाच बाहेर पडते. त्यांना एकच मुलगी, नऊ वर्षांची. ती पेन्सिली कुरतडते म्हणून आम्ही सगळे तिला खारू म्हणतो.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, हेही काटेच तपासायचे. त्यांनी दादाला दोन गोष्टी शिकवल्या, वजनं आणि प्रार्थना. प्रार्थना बावीस ओळींची. रोज सकाळी कामाला जायच्या आधी, खोलीच्या मधोमध उभं राहून, एकदा म्हणायची. मला पण शिकवली होती. मी बारा वर्षांची असतानाच तिच्यातून अंग काढून घेतलं. दादानं मात्र धरून ठेवली, आणि खरं सांगायचं तर ती त्याला शोभायची. प्रार्थना झाली की त्याचा चेहरा तोंड धुतल्यासारखा ताजा दिसायचा. मी त्याला चिडवायचे की चेहऱ्याची इस्त्री झाली का. तो हसायचा.

मग शाळेतून फोन आला. वहिनी भट्टीपाशी फोन जवळ ठेवत नाही, म्हणून मला आला. खारूच्या बाई म्हणाल्या, “गेल्या महिन्यात ती अकरा वेळा उशिरा आली. आणि तिचे हात जरा बघा तुम्ही.”

मी संध्याकाळी हात बघितले. पेन्सिली सोडून ती आता नखांवर आली होती. दोन बोटांना रक्त सुकलेलं. मी विचारलं तर हात फ्रॉकच्या मागे नेले आणि म्हणाली, “काही नाही गं आत्या.” एवढंसं पोर, आणि बाईमाणसासारखं ‘काही नाही’ म्हणतंय. मला ते अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला मी खाली गेले. दार लोटलेलं होतं. दादा कोपरापर्यंत हात धूत होता. धुऊन झाल्यावर त्यानं ते पुसले नाहीत, हवेत धरून वाळवले, कारण टॉवेलचे धागे लागतात. त्याच्या हातांची कातडी लाल होऊन फुटली होती. मग तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. खारू गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून, स्टुलाशेजारी उभी. हातात एक वही.

त्यानं प्रार्थना सुरू केली. सहाव्या ओळीपाशी थांबला.

“खारू, बरोबर झालं का?”

“हो बाबा.”

“नक्की?”

“नक्की.”

“मला वाटलं एक शब्द घसरला.”

“नाही बाबा. बरोबर होतं.”

“मग तू उत्तर द्यायला थांबलीस का?”

आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून. एकदा नीट झाली की दुसऱ्यांदा, दुसरी झाली की तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी अकराव्या ओळीत त्याला खोकला आला. मग तिन्ही बाद. तीनदा सारखी झाली तेव्हा सव्वासात वाजून गेले होते. मला वाटलं सुटलो. पण मग तो कोपऱ्यात गेला. चारही कोपऱ्यांत एकेकदा. चौथ्या कोपऱ्यात फ्रिज आहे. त्या फटीत तो पोट आत घेऊन तिरका घुसला आणि भिंतीला नाक लावून पुटपुटत राहिला. मला हसू फुटलं. सख्खा भाऊ फ्रिजमागे अडकलाय आणि मी हसतेय, याची मला अजून लाज वाटते, पण हसले ते हसले. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा धुतल्यासारखा बिलकूल नव्हता. त्यानं खारूपुढे वही धरली. तिनं सही केली.

शाळेची घंटा साडेसातला होते. सात सत्तावीस झाले होते.

मी वही हिसकावून घेतली. रेघा मारून रकाने पाडलेले. तारीख, पहिली, दुसरी, तिसरी, कोपरे, साक्षीदार. सात महिने. पहिल्या पानांवर खारूची सही मोठी, वेलबुट्टी काढलेली. बाबांनी आपल्याला मोठ्या माणसाचं काम दिलं म्हणून केवढी खूश झाली असेल. पुढे पुढे ती सही लहान होत गेली होती. शेवटच्या पानांवर तर नुसती किडामुंगीएवढी.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“तपासणीला साक्षीदार लागतो,” दादा म्हणाला. अगदी साधेपणानं. मी काट्याबद्दलच विचारलं असावं तसा.

जिन्यात खारू मला म्हणाली, “आत्या, मी खोटं बोलते.”

“कशाबद्दल?”

“कधी कधी मी दुसराच विचार करत असते. बाबांचं नीट ऐकलेलंच नसतं. तरी सही करते. आता काही झालं तर ते माझ्यामुळे ना?”

“काय होणारे?”

“ते बाबांना माहितेय,” ती म्हणाली, आणि बोट तोंडात घातलं.

मला त्या क्षणी देवाचा भयंकर राग आला. मग वाटलं, ज्याच्याशी आपण इतकी वर्षं बोललो नाही त्याच्यावर रागवायचं तरी कुठल्या तोंडानं. मग स्वतःचाच राग आला. एक मजला वर राहून सात महिने मला काही कळलं नव्हतं.

वहिनी दुपारी घरी आली तेव्हा मी तिला वही दाखवली. तिच्या भुवयांत अजून पीठ होतं. तिनं सगळी पानं उलटली, एकही न गाळता. ती धमक्या देणारी बाई नाही. भांडण झालं तर ती कणीक मळायला घेते, म्हणून त्यांच्या घरात पोळ्या कायम मऊ. पण दादा आला तेव्हा ती उभी राहून म्हणाली, “अहो, तुम्हाला काय करायचं ते करा. माझ्या पोरीला साक्षीला उभं करायचं नाही. या महिन्याअखेर हे थांबलं नाही, तर मी तिला घेऊन आईकडे जाणार. आणि ती प्रार्थनाही बंद करा. काही नको आपल्याला ती.”

दादानं वही ट्रंकेत टाकली. दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवसापासून तो आपली प्रार्थना फोनवर रेकॉर्ड करून, कानात घालून तपासायला लागला. त्यामुळे त्याला आणखीच उशीर व्हायला लागला. आणि खारू बंद दाराला कान लावून बाहेर उभी राहायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला दंडाला धरून ओढलं तर म्हणाली, “मी नाही ऐकलं आणि बाबा चुकले, तर?” महिना संपायला चोवीस दिवस होते.

मी दवाखान्यातून अर्धी सुट्टी काढून त्याच्या वर्कशॉपवर गेले. तो एका काट्याचं झाकण उघडून बसला होता. मी आधी भांडले. “तुझ्या तक्त्यात काट्याला चूक चालते. देवाकडे तसला तक्ता नाही का रे? तो काय तुझ्यापेक्षा कडक इन्स्पेक्टर आहे?”

तो हसला नाही. स्क्रू एकेक करून बशीत ठेवत म्हणाला, “अण्णांच्या वेळी नाही चालली.”

मग त्यानं सांगितलं. दीड वर्षापूर्वी अण्णा गेले तेव्हा तो खाटेशेजारी उभा राहून प्रार्थना म्हणत होता. सतराव्या ओळीला अडखळला. ओळ आठवेचना. ती आठवून पुढची म्हणेपर्यंत अण्णा गेले होते. “एक ओळ,” तो म्हणाला. “तीस वर्षं रोज म्हटलेली. आणि नेमकी तेव्हा पोचली नाही. आता खारू आहे. माझ्या हातून परत तसं झालं तर?”

मी खुर्चीत बसले. कारण त्या खोलीत खाटेच्या दुसऱ्या बाजूला मीच होते, अण्णांचा हात धरून. त्यांचा श्वास थांबला तेव्हा दादा दहाव्या ओळीवर होता. मला कळलं होतं. दादाचे डोळे मिटलेले होते, आवाज स्थिर होता. त्याला तेवढं तरी पुरं करू दे, म्हणून मी गप्प राहिले. नंतर सांगायचं राहूनच गेलं. कुणी विचारलंच नाही.

मी त्याला ते सांगितलं. मला वाटलं, आता हा रडेल आणि मोकळा होईल, मीच आधी बोलले असते तर एवढं रामायण झालं नसतं. तो रडलाही. माझे हात घट्ट धरले. मी घरी येताना जवळजवळ पळत आले.

तासाभरात त्याचा फोन. “दहावी ओळ, की अकरावी?”

“दहावी.”

जेवायच्या वेळी पुन्हा. “तुला खात्री कशी? श्वास मधे थांबून परत येतो कधी कधी.” दुसऱ्या दिवशी पाच वेळा. मी दर वेळी उत्तर द्यायचे, दर वेळी तो म्हणायचा, बरं वाटलं. आणि ते बरं वाटणं अर्धा तास टिकायचं. मी खारूच्या जागी उभी राहिले होते, एवढाच काय तो बदल.

त्याच आठवड्यात आमच्या दवाखान्यात प्रार्थनाघरातले आजोबा कवळी घासून घ्यायला आले. रोजची प्रार्थना लोकांना तेच सांगतात, चाळीस वर्षं. त्यांची कवळी बोलताना शिट्टी मारते. मी त्यांना दादाची हकिगत सांगितली, नाव न घेता, पण त्यांना कळलं. तोंड मोकळं होताच म्हणाले, “मी रोज चुकतो. मागे एकदा चौदावीनंतर एकदम विसावी म्हटली. सगळ्यांनी माझ्यामागून विसावी म्हटली. घरी जेवलो, झोपलो. त्याला सांग, मी चुकलो म्हणून देव उठून जाणार असता तर ते घर केव्हाच रिकामं झालं असतं.” आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण हे सांगून त्याला फरक पडणार नाही. माझ्या बहिणीला असंच होतं. तिला डॉक्टरकडे न्यायला आम्ही फार उशीर केला.”

दादाला मी निरोप दिला. पहिल्या भागावर तो म्हणाला, “त्यांचं चालतं, ते मोठे आहेत.”  दुसऱ्या भागावर त्यानं विचारलं, “डॉक्टर कुठे असतात?”

मनाच्या डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान निघाल्या. दादा, वहिनी आणि मी, आम्ही तिघं गेलो. दादानं खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, “तुम्ही देव मानता का?”

“मी मानते की नाही, यानं तुमच्या हातांची कातडी बरी होणार नाही,” त्या म्हणाल्या. “वडील होते तेव्हा प्रार्थना किती वेळा करायचात?”

“एकदा.”

“मग?”

“मग कामाला जायचो.”

“कसं वाटायचं?”

दादा टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिला. “हलकं,” तो म्हणाला.

वहिनीनं त्याच्याकडे बघितलं. दहा वर्षांच्या संसारात तिनं हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला नसावा. ती हळूच म्हणाली, “मग मी बंद करा म्हटलं ते चुकलंच.”

“प्रार्थना बंद नाही करायची,” डॉक्टर म्हणाल्या. “ती त्यांची आहे. तपासणी बंद करायची. एकदा म्हणायची आणि घराबाहेर पडायचं. चुकली तरी. चुकली तर उत्तमच. कुणाला विचारायचं नाही, आणि तुम्ही दोघींनी उत्तर द्यायचं नाही, कितीही कळवळून विचारलं तरी. जीव कासावीस होईल. होऊ द्या. तो आपोआप उतरतो. तुम्ही दर वेळी मधेच उपाय करता, म्हणून तो कधी उतरतो हेच तुम्हाला माहीत नाही.” गोळ्याही दिल्या, रोज एक, आणि दर आठवड्याला यायला सांगितलं.

एकदम काही सुधारलं नाही. तीनदाचं दोनदा झालं, दोनदाचं पुन्हा चारदा. कोपरे सुटले, मग फ्रिजचा कोपरा परत आला. एका सकाळी तो एकदाच प्रार्थना म्हणून दाराबाहेर पडला आणि पहिल्या मजल्यावरून धावत वर आला. एकदा त्यानं कामावरून फोन करून मला दहाव्या ओळीबद्दल विचारलं आणि मी फोन ठेवून दिला. ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि डॉक्टरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. महिन्याचे दोन दिवस उरले. वहिनीनं कपाटावरून बॅग काढून खाली ठेवली होती. रिकामीच, पण खाली.

शेवटच्या दिवशी सकाळी मी खाली गेले. वहिनीनं सुट्टी घेतली होती, ओट्याशी उभी होती, पाठ आमच्याकडे. बॅग कॉटवर होती आणि आता रिकामी नव्हती. दादानं हात धुतले. एकदाच. टॉवेलला पुसले. खोलीच्या मधोमध उभा राहिला.

खारू दारात येऊन उभी राहिली. गणवेश, दप्तर, आणि हातात ती वही. ट्रंकेतून कधी काढली कोण जाणे. मी पुढे झाले तर वहिनीनं न वळताच हातानं मला थांबवलं.

दादानं सुरुवात केली. आवाज कोरडा होता. दहावी ओळ आली आणि त्याची नजर माझ्याकडे गेली, परत फिरली. सोळावी झाली. मग तो एकदम अठरावीवर गेला. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. संपलं. खोलीत फक्त फ्रिजची घरघर.

त्याला कळलं होतं.  त्यानं सवयीनं खारूकडे बघितलं. विचारलं नाही, पण बघितलं.

खारूनं वही छातीशी धरली होती. तिचे ओठ हलले, थांबले. मग ती म्हणाली, “बाबा, सतरावी राहिली.”

सात महिन्यांत पहिल्यांदा ती बाबांशी खरं बोलली असावी. आणि बोलल्याबरोबर तिचा चेहरा असा पांढरा पडला, की मी जन्मात विसरणार नाही. आता ते होणार होतं. जे बाबांनाच माहीत होतं, ते.

दादा तिच्याकडे बघत राहिला. पुन्हा म्हणायची असती तर तोंड उघडायचा अवकाश होता. त्यानं तोंड उघडलंही. मग ते मिटलं, आणि तिच्या हातातून वही घेतली. स्टुलावर टेकवून आजची तारीख घातली. ‘पहिली’च्या रकान्यात लिहिलं, ‘एक ओळ कमी. फरक मान्य.’ खाली सही केली. ‘साक्षीदार’ या शब्दावर आडवी रेघ मारली. 

“बूट घाल,” तो म्हणाला. “घंटा होईल.”

आम्ही तिघं खाली उतरलो. पहिल्या मजल्याच्या वळणावर तो थांबला. कठडा धरून वर बघायला लागला. ओठ पुटपुटायला लागले होते. मी हाताची घडी घालून जीभ चावत उभी राहिले. खारू दोन पायऱ्या खाली होती. ती म्हणाली, “बाबा, मला उशीर होतोय.” तो आणखी थोडा वेळ वर बघत राहिला, आणि मग खाली आला. तिनं त्याचा हात धरला तेव्हा म्हणाली, “किती घामेजलाय.” तो म्हणाला, “हो ना.” त्या दिवशी ती घंटेच्या आधी शाळेत पोचली.

साडेनऊला त्याचा फोन आला. मी नळी धरून उभी होते, उचलला नाही. दहाला आला. पावणेअकराला आला. तिन्ही वेळा उचलला नाही. खिशात तो थरथरायचा आणि मला माहीत होतं तो काय विचारणार. खारू ठीक आहे ना, शाळेत काही झालं नाही ना, दहावी की अकरावी.

बाराला चौथ्यांदा आला. समोर एक पेशंट तोंड उघडून पडला होता. मी डॉक्टरांच्या हातात नळी दिली आणि फोन उचलला. उत्तर द्यायचं नाही, हे मनाशी पक्कं करूनच.

“काही विचारायचं नाहीये,” दादा म्हणाला.

मागे इस्पितळाचा आवाज येत होता, कुठलं तरी बाळ रडत होतं. तो पुढे काही बोलला नाही. मीही बोलले नाही. डॉक्टर माझ्याकडे डोळे वटारून बघत होते, पेशंटला ठसका लागला होता, आणि आम्ही दोघं बहीणभाऊ काहीही न विचारता फोन कानाला लावून उभे होतो.